गावच्या वीरगळाचं त्रिमितीय मॉडेल: मोबाइलच्या फोटोंपासून मोजता येईल अशा नोंदीपर्यंत

मारुतीच्या देवळामागे, पाराला टेकलेला किंवा ओढ्याकाठी अर्धा मातीत गेलेला वीरगळ, म्हणजे लढताना मरण आलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहे. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवणाऱ्यांशी झुंज, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. ही मांडणी साधारण ठरलेली असली तरी प्रत्येक दगड वेगळा असतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नसतं, त्यामुळे त्या माणसाबद्दल आपल्याला जे कळणार ते त्याच्या हातातल्या शस्त्रावरून, केशरचनेवरून, समोरच्या घोड्यावरून. नेमके हेच बारकावे आधी झिजतात. पाऊस आणि शेवाळ आपलं काम करतातच. त्यात देवळाच्या जीर्णोद्धारात ऑइलपेंटचा हात फिरतो, नाहीतर नव्या फरशीत दगडाची खालची चौकट कायमची गाडली जाते.

अशा दगडाची मोजता येईल अशी त्रिमितीय नोंद साधा मोबाइल आणि मोफत सॉफ्टवेअर वापरून करता येते. या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. एकाच दगडाचे वेगवेगळ्या जागांवरून पुष्कळ फोटो घ्यायचे. दगडावरचा एखादा टवका किंवा डाग ज्या ज्या फोटोंत दिसतो, तिथे तिथे सॉफ्टवेअर तो ओळखतं आणि त्यावरून प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे होता, तो टवका अवकाशात नेमका कुठे आहे हे भूमितीने काढतं. असे लाखो बिंदू मिळाले की त्यांची जाळी विणून पृष्ठभाग तयार होतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठासून सांगतो, कारण नवखे लोक इथेच चुकीच्या दिशेला जातात. खरी नोंद म्हणजे तुमचे मूळ फोटो आणि मोजमापं. मॉडेल हा त्यातून आज निघालेला एक निष्कर्ष आहे. पाच वर्षांनी याच फोटोंतून अधिक चांगलं मॉडेल निघेल. बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च २००१मध्ये तालिबानने उडवल्या. त्यानंतर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातले आर्मिन ग्र्युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मूर्तीचं संगणकीय मॉडेल उभं केलं, ते रॉबर्ट कोस्टका यांनी १९७०मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोंवरून. इंटरनेटवरचे आणि पर्यटकांचे फोटो वापरूनही त्यांनी प्रयत्न केला होता, पण सर्वांत अचूक मॉडेल शिस्तीने घेतलेल्या त्या जुन्या फोटोंतून मिळालं. फोटो घेतले तेव्हा असं मॉडेल करणारा संगणक कुणाच्या टेबलावर नव्हता.

परवानगी आणि गावाचा विश्वास

वीरगळ बहुधा कुणाच्या तरी श्रद्धेचा असतो. कुठे त्याला खंडोबा म्हणून शेंदूर लागतो, कुठे तो एखाद्या घराण्याचा मूळपुरुष असतो. म्हणून आधी गुरवांना किंवा पुजाऱ्यांना भेटा, सरपंचांना सांगा, ग्रामपंचायतीला साधं पत्र द्या आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. अनोळखी माणसं तिपाई लावून दगडाभोवती फिरू लागली की गुप्तधनाचा संशय येतो आणि तो अवाजवी नाही. गुप्तधनाच्या लोभाने फोडलेले दगड लोकांनी पाहिलेले असतात. घरी काढलेल्या एखाद्या मॉडेलचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवा. काय करणार हे कळलं की म्हातारी माणसं दगडाची माहिती आपणहून सांगतात, आणि ‘हा पूर्वी वेशीबाहेर होता, रस्ता झाला तेव्हा इथे आणला’ हे एक वाक्य कुठल्याही स्कॅनरमधून मिळणार नाही. ते सांगणाऱ्याची संमती घेऊन लिहून ठेवा.

दगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकात असेल तर तिपाई आणि दिवे लावायला त्यांची परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकासाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करा. ड्रोनचे नियम वेगळे आहेत आणि एका वीरगळासाठी ड्रोनची गरजही नसते. कोकणातल्या सड्यावरची कातळशिल्पं आडवी आणि मोठी पसरलेली असतात, तिथे मात्र ड्रोन खरोखर कामाला येतो.

दगडाला हात लावण्याआधी

शक्यतो हात लावूच नका. समोरचं गवत बाजूला करा, सुकलेली पानं हाताने उचला, एवढंच. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण, खडू, पीठ यांतलं काहीही नको. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरण्याची सवय अजून गेलेली नाही. त्याने दगडाला इजा होते, आणि जे अक्षर तुम्हाला वाटलं तेच पुढच्या प्रत्येकाला दिसू लागतं. शेंदूर खरवडणं हा तर गावाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, तो निर्णय आपला नाही. अर्धवट पुरलेला दगड उकरू नका. आजूबाजूच्या मातीच्या थरांतली माहिती एकदा उकरली की परत येत नाही. जेवढा दिसतो तेवढ्याची नोंद करा आणि ‘खालचा भाग जमिनीत’ असं लिहा.

कॅमेरा काढण्याआधी वही काढा. दगडाची उंची, रुंदी, जाडी; काळा बसाल्ट आहे की जांभा; तोंड कोणत्या दिशेला; किती चौकटी; कुठे तडा, कुठे रंग, कुठे सिमेंट; जवळ आणखी कोणते अवशेष आहेत. हातानं एक ढोबळ रेखाचित्र काढा, कसंही जमलं तरी चालेल. रेखाटताना डोळा थांबतो आणि फोटोत नजरेतून सुटलं असतं ते सापडतं.

काय न्यायचं

मोबाइल किंवा कॅमेरा, पूर्ण चार्ज केलेला. जादा बॅटरी. स्टीलचा टेप. दोन मोजपट्ट्या. या पट्ट्या घरी करता येतात: सरळ, न वाकणारी लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्यायची आणि तिच्यावर बारीक पेनाने दोन फुल्या, एका पट्टीवर बरोबर ५०० मिमी अंतरावर, दुसऱ्या पट्टीवर ३०० मिमी अंतरावर. पट्टी चकचकीत नको. दोन पट्ट्या का, हे पुढे येईल. उन्हाच्या दिवशी सावली करायला मोठी पांढरी चादर आणि ती धरायला दोन माणसं.

फोटो: सगळं काम इथेच होतं

ढगाळ सकाळ सर्वांत उत्तम. कडक उन्हात सावल्या सरकत राहतात आणि सॉफ्टवेअर त्या सावल्यांनाच दगडाचा भाग समजतं. पावसाळा संपत आलेला असताना आभाळ छान असतं, पण ओला दगड चमकतो आणि चमक ही या पद्धतीची शत्रू आहे, म्हणून दगड कोरडा हवा. ताज्या तेल-शेंदुराचा दगडही असाच त्रास देतो. शनिवारी मारुतीला तेल वाहतात तिथे मधल्या वारी जाणं बरं.

मोबाइलच्या कॅमेऱ्याची मुख्य लेन्स वापरा. अतिरुंद लेन्स, डिजिटल झूम, पोर्ट्रेट मोड आणि फ्लॅश बंद. फोटो ‘सुंदर’ करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. आजचे काही फोन अस्पष्ट भाग स्वतःच्या अंदाजाने रेखीव करतात आणि झिजलेल्या चेहऱ्यावर कधीच नसलेले डोळे उमटवू शकतात. फोकस आणि एक्स्पोजर दगडावर बोट दाबून लॉक करा, म्हणजे प्रत्येक फोटोचा उजेड सारखा राहील. काळा बसाल्ट आहे म्हणून फोटो फार उजळवू नका. शंका आली तर मोठा करून कोरीव काम स्पष्ट दिसतं का ते पाहा.

मोजपट्ट्या दगडाच्या पायाशी ठेवा, एक आडवी, दुसरी जमल्यास उभी, दगडाला न चिकटवता. काम संपेपर्यंत त्या हलता कामा नयेत. आता दगडाभोवती चालायला सुरुवात करा. प्रत्येक फोटोला एक छोटं पाऊल. लागोपाठच्या दोन फोटोंमध्ये किमान ७० टक्के भाग समान दिसला पाहिजे आणि दगडावरचा प्रत्येक ठिपका किमान तीन फोटोंत यायला हवा. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक हात वर करून खाली बघत. मोकळ्या उभ्या दगडाला एका फेरीत ३० ते ३६ फोटो पुरतात, म्हणजे तिन्ही मिळून शंभरच्या आसपास. एका जागी उभं राहून फोन नुसता डावी-उजवीकडे वळवला तर खोलीची माहिती मिळत नाही. प्रत्येक फोटोला पाय हलले पाहिजेत.

मग जवळ जा. किती जवळ, याचा हिशेब सोपा आहे. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल आणि त्यात दगडाची १ मीटर रुंदी मावत असेल, तर एका पिक्सेलला पाव मिलिमीटर आला. लढाईची चौकट, चेहरे किंवा अक्षरं असतील तिथे ३०-४० सेंटिमीटर रुंदी भरेल इतक्या अंतरावरून पुन्हा एक संच घ्या, शेतात तास मारावेत तसे ओळीने, आणि त्याच चौकटीचे थोडे तिरपे फोटोही. लांबच्या आणि जवळच्या संचांमध्ये मधल्या अंतराचे काही फोटो हवेत, नाहीतर सॉफ्टवेअरला दोन्हींची सांगड घालता येत नाही. कडा विसरू नका. पुढची आणि मागची बाजू जोडली जाते ती कडांच्या फोटोंमुळे. वीरगळ भिंतीत बसवलेला असेल तर मागची बाजू सोडून द्या आणि अर्धवर्तुळात काम करा.

शेवटी दगड आणि परिसर एकत्र दिसेल असे दहा-बारा फोटो घ्या. निघण्यापूर्वी तिथेच बसून सगळे फोटो तपासा. हललेला एक फोटो चालेल, पण एक बाजू राहून गेली तर पुन्हा यावं लागेल.

संगणकावर

नवख्यांसाठी मेशरूम हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यात दाट मॉडेलसाठी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते नसेल तर निराश होऊ नका: ओळखीच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा गेम खेळणाऱ्या भाच्याच्या संगणकावर काम होतं, आणि फोटो नासत नाहीत. रिॲलिटीस्कॅन छोट्या वापरकर्त्यांना मोफत आहे आणि वेगवान आहे. मेटाशेप विकत घ्यावं लागतं, पण बरेच पुरातत्त्वज्ञ तेच वापरतात. मोबाइलवरच मॉडेल करून देणारी ॲप सरावाला छान; फक्त मूळ फोटो आपल्याकडे राहतात ना, ते बघा. आयफोन प्रोमधला लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, खोलीचा किंवा देवळाच्या मंडपाचा आराखडा घ्यायला उपयोगी, कोरीव कामासाठी फारच भरड.

मेशरूममध्ये फोटो ओढून टाका, प्रकल्प आधी जतन करा, मग स्टार्ट दाबा. पहिल्या टप्प्यात खुणा शोधणं आणि जुळवणं चालतं. त्यानंतर कॅमेऱ्यांच्या जागा आणि विरळ बिंदू दिसू लागतात. इथे थांबून बघा. तुम्ही चाललात तशा तीन फेऱ्या दिसतायत का? किती फोटो जुळलेच नाहीत? एका बाजूचे सगळे गळले असतील तर तिथे ओव्हरलॅप कमी पडला आहे. हे नीट असेल तरच पुढचा, जास्त वेळ खाणारा टप्पा चालू द्या. साध्या संगणकावर रात्रभर लागू शकतं. तयार मॉडेल प्रकल्पाच्या कॅश फोल्डरमध्ये, टेक्स्चरिंग नावाच्या उपफोल्डरात ओबीजे फाइल म्हणून मिळतं. ते ताबडतोब दुसरीकडे कॉपी करा.

माप बसवणं

फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. मेशरूमसाठी तुमचा वीरगळ सुपारीएवढाही असू शकतो आणि डोंगराएवढाही. म्हणून क्लाउडकंपेअर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, मॉडेल उघडा, बिंदू निवडण्याच्या साधनाने पहिल्या पट्टीवरच्या दोन फुल्यांमधलं अंतर मोजा. समजा ते २.३७ आलं. खरं अंतर ५०० मिमी, म्हणून गुणक ५०० भागिले २.३७, म्हणजे २१०.९७. एडिट मेनूतल्या मल्टिप्लाय/स्केलमध्ये तिन्ही अक्षांना हाच गुणक द्या.

आता दुसरी पट्टी. ती माप बसवायला वापरलेली नाही, म्हणून तिच्यावरून काम तपासता येतं. ३०० मिमीच्या जागी ३००.४ आलं तर उत्तम. ३०६ आलं तर कुठेतरी गडबड आहे: फुली चुकीची निवडली, पट्टी हलली किंवा फोटो कमी पडले. जो आकडा येईल तो नोंदीत लिहा. चूक किती आहे हे सांगणारं मॉडेल अभ्यासकाला उपयोगी पडतं. न सांगणारं दिसायला कितीही देखणं असलं तरी त्यावरून मोजणी करता येत नाही.

झिजलेलं वाचणं

या सगळ्या खटाटोपाचं फळ इथे मिळतं. मॉडेलवरचा फोटोचा रंग काढून टाका. शेंदूर, शेवाळ, पक्ष्यांची विष्ठा सगळं नाहीसं होऊन नुसता आकार उरतो, आणि उघड्या डोळ्यांना न दिसलेली ढालीची कड किंवा घोड्याचा लगाम समोर येतो. क्लाउडकंपेअरमधलं पीसीव्ही हे साधन आकाशातला उजेड कुठे किती पोचेल याचा हिशेब करून खोलगट जागा गडद दाखवतं. अक्षरांसाठी मला ते सर्वांत भरवशाचं वाटतं.

दुसरी युक्ती सपाट चौकटीसाठी. जाळीवरून बिंदू काढून घ्या, तेवढ्या भागाला एक सपाट प्रतल बसवा आणि प्रत्येक बिंदूचं त्या प्रतलापासूनचं अंतर रंगात दाखवा. मिलिमीटरभर खोल रेषाही नकाशावरच्या उंचसखल भागासारखी रंगून दिसते.

अक्षरं फारच पुसट असतील तर तिरप्या उजेडाची पद्धत वेगळी आहे, तिला आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) म्हणतात. यात कॅमेरा तिपाईवर अगदी स्थिर असतो आणि दिवा फिरतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर दगडाशेजारी दोन चकचकीत काळे गोळे ठेवायचे, टॉर्च वेगवेगळ्या दिशांनी आणि उंचीवरून पाडत ४० ते ६० फोटो घ्यायचे. टॉर्चचं अंतर दर वेळी सारखं राहावं म्हणून दोरी वापरतात. दोरी चौकटीच्या कर्णाच्या तिप्पट-चौपट लांब असावी. गोळ्यावरच्या चमकेवरून सॉफ्टवेअरला दिव्याची दिशा कळते, आणि नंतर पडद्यावर माउसने हवा तिकडून उजेड पाडता येतो. यासाठी रीलाइट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. यातून मोजमाप मिळत नाही, पण वाचनासाठी तोड नाही.

वाचनाचं काम मात्र शिलालेख वाचणाऱ्यांकडे सोपवा. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा मानला जातो आणि सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. अशा लेखातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर काळ बदलतो. अभ्यासकाला चार-पाच वेगवेगळ्या उजेडांतल्या प्रतिमा पाठवा, अक्षरांवरून रेघ न ओढता. कागदाचा ठसा घेण्याची परंपरागत पद्धत आजही मोलाची आहे, पण तो ओला कागद दगडावर ठोकावा लागतो, म्हणून ते काम शिकलेल्या हातांनीच करावं.

भोकं आणि भरणी

मॉडेलमध्ये काही जागा रिकाम्या राहतात: दगडाचा माथा, भिंतीकडची बाजू. सॉफ्टवेअर ही भोकं एका क्लिकमध्ये भरून देतं. तो भाग कुणीही पाहिलेला नसतो, म्हणून मोजमापाच्या प्रतीत भोकं तशीच राहू द्या. लोकांना दाखवायला भरलेली प्रत वेगळी करा आणि भरलेला भाग सपाट राखाडी ठेवा.

तुटलेला माथा पुन्हा उभा करावा, मूळ रंग द्यावा असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि शाळेत दाखवायला त्याचा उपयोगही होतो. वारशाच्या संगणकीय दर्शनासाठी २००६पासून लंडन चार्टर नावाची तत्त्वं आहेत. त्यांतलं मुख्य असं की पुरावा काय आणि अंदाज काय, हे पाहणाऱ्याला वेगळं कळलं पाहिजे आणि निर्णय का घेतला याची नोंद राहिली पाहिजे. कलश बसवलात तर तो शेजारच्या कोणत्या वीरगळावरून घेतला ते लिहा. चित्र स्वतः रचणाऱ्या एआय साधनांना या कामात मी जागा देत नाही. गाऊशियन स्प्लॅटिंगसारखी, फोटोंवरून धूसर रंगीत ठिपक्यांचं दृश्य रचणारी २०२३पासूनची नवी तंत्रं परिसर फार जिवंत दाखवतात, पण कोरीव कामाची मोजणी त्यांवरून करू नये.

जपणं आणि देणं

फोल्डरला तालुका, गाव, दगडाचा क्रमांक आणि तारीख असं नाव द्या. आत चार उपफोल्डर: मूळ फोटो, नोंदी, प्रक्रिया, अंतिम मॉडेल. मूळ फोटोंना कधीही हात लावायचा नाही, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत मूळ समजायची नाही. तिथे फोटो आक्रसतो आणि आतली माहिती गळते. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी. नोंदीत कॅमेरा, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, गुणक, दुसऱ्या पट्टीवर आलेली चूक, परवानगी कुणी दिली हे सगळं असू द्या. एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा गावच्या शाळेला द्या. मॉडेल त्यांच्या दगडाचं आहे.

स्केचफॅबसारख्या, त्रिमितीय मॉडेलं सगळ्यांना दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मॉडेल टाकण्यापूर्वी जागेचा विचार करा. रस्त्याकडेच्या मोठ्या वीरगळाला धोका कमी, पण शेतात सुट्या पडलेल्या छोट्या मूर्तीचा नेमका ठिकाणा जाहीर करणं म्हणजे चोराला पत्ता देणं. अशा वेळी फोटोंतली जीपीएस माहिती काढून फक्त तालुका लिहा. पूर्ण ठिकाणा पुरातत्त्व खात्याला कळवा.

पुढच्या वर्षी त्याच दगडाकडे

दर पावसाळ्यानंतर त्याच पद्धतीने फोटो घेतले तर झीज मोजता येते. दोन्ही मॉडेलं क्लाउडकंपेअरमध्ये आणा, न बदललेल्या भागांवर जुळवा आणि त्यांच्यातलं अंतर रंगात बघा. नवा टवका, रंगाचा नवा थर, एका बाजूला कललेला दगड लगेच दिसतो. रंगीत चित्र बघून लगेच निष्कर्ष काढू नका: दुसऱ्या पट्टीवर दोन मिलिमीटरची चूक आली असेल, तर एक मिलिमीटरचा फरक झीज म्हणून नोंदवता येणार नाही. तेवढा बारीक फरक हवा असेल तर महत्त्वाच्या चौकटीचे जवळचे फोटो वाढवा, आणखी दोन पट्ट्या लावा, आणि पहिल्या वर्षी कुठे उभे होतात ते वहीत लिहिलेलं असेल तर तिथूनच सुरुवात करा.